माळ्यावरची सव्वीस खोकी

मनुष्य एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जातो, तेव्हा एरवी भिंतींच्या आड झाकलेला त्याचा संसार तीन-चार तासांपुरता उघड्यावर येतो. गादीची उसवलेली बाजू, कपाटाची सदैव भिंतीकडे असलेली कच्ची पाठ, पलंगाखाली वर्षानुवर्षे विसावलेल्या आणि घरच्यांनाही विस्मरण झालेल्या वस्तू, हे सारे रस्त्याच्या कडेला रांगेने उभे राहते. शेजारी ते चोरून पाहतात, घरधन्याला ते पाहवत नाही. सामान वाहणाऱ्यांना मात्र ते पाहणे हाच रोजचा उद्योग असतो. मुकादमांनी तो एकतीस वर्षे केला.

सामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते सहा जणांच्या टोळीचे प्रमुख होते. त्यामुळे कंपनीत मुकादम, गल्लीतही मुकादम, आणि त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली मुकादमीण म्हणे. बांधा ठेंगणा, मान आखूड, चाल संथ. दारातून आत पाऊल टाकून एकदा चहूकडे नजर फिरवली की ते लागणाऱ्या खोक्यांचा आकडा सांगत, आणि तो एक-दोहोंपलीकडे कधी चुकत नसे. जड सामान उचलण्याचा रुंद पट्टा ज्या उजव्या खांद्यावर बसे, तिथली त्वचा निबर होऊन बधिर झाली होती. मलम चोळण्यापूर्वी मुकादमीण तिथे सुई टोचून पाहत आणि विचारत, "अहो, कळतंय का काही?" ते म्हणत, "टोचलीस का?" हा विनोद त्या घरात वीस वर्षे चालला होता. आता त्यावर कुणी हसत नसे. पण तो झाल्याशिवाय मलमाची डबी उघडत नसे.

त्या शहराच्या मधून एक कालवा जातो. तो खणण्यासाठी तीन पिढ्यांपूर्वी दूरच्या मुलखातून माणसे आणली गेली. कालवा पुरा झाला, पाणी वाहू लागले, आणि ती माणसे खालच्या काठावर राहिली. त्यांचा वर्ण काळा, केस दाट, चेहऱ्याची ठेवण निराळी. वरच्या काठावरचे लोक त्यांना कालवेकरी म्हणतात. ज्यांनी खणले त्यांना हे नाव शोभलेही असते. पण ज्याने जन्मात फावडे हाती धरले नाही तो औषधविक्रेताही कालवेकरी, शाळामास्तरही कालवेकरी, आणि मुकादमही कालवेकरीच. वरच्या काठावरच्यांना असे निराळे नाव नाही.

शहर वंशाने विभागले गेले आहे की संपत्तीने, या प्रश्नावर पंडितांनी परिषदा भरवल्या असतील, प्रबंधही लिहिले असतील. मुकादमांनी सामान वाहिले. त्यांना एवढे ठाऊक होते की खालच्या काठावर श्रीमंत होते आणि वरच्या काठावर दरिद्रीही होते. आणि तरीसुद्धा एकतीस वर्षांत भरलेला ट्रक घेऊन त्यांनी पूल ओलांडला, तो एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा. कायदा कुठे नव्हता, पाटी कुठे नव्हती. खालच्या काठावर पैसा आला की माणूस खालच्याच काठावरच्या मोठ्या घरात जाई; वरच्या काठावर पैसा गेला की माणूस वरच्याच काठावरच्या लहान खोलीत जाई. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असे म्हणावे, तर हा कावळा एकतीस वर्षे रोज त्याच फांदीवर बसत होता.

ट्रकचा ड्रायव्हर वरच्या काठावरचा होता, आणि गरीब होता. टेकडीच्या मागल्या उतारावर पत्र्याच्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको आणि सासू राहत. पिण्याचे पाणी खालून चढवावे लागे. एकोणीस वर्षे तो आणि मुकादम एकाच केबिनमध्ये मांडीला मांडी लावून बसले होते. पहिले वर्षभर तो त्यांना 'तू' म्हणे. पुढे 'तुम्ही' केव्हा झाले, हे दोघांनाही आठवत नव्हते. एकदा मुकादमांनी त्याला सुचवले होते की याच भाड्यात आमच्या गल्लीत तीन पक्क्या खोल्या मिळतील, नळ घरात. ड्रायव्हरने पुढचा चौक येईपर्यंत विचार केला.

"खोल्या चांगल्याच असतील हो," तो म्हणाला. "पण सासू मरेल."

"उलट म्हातारीला पाणी चढवावं लागणार नाही."

"तेच तर. पाणी चढवून मेली तर लोक हळहळतील. तुमच्याकडे येऊन मेली तर म्हणतील, बरं झालं, सुटली."

दोघेही हसले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांच्या धंद्यात खोक्यांची एक रीत आहे, ती इथे सांगणे आवश्यक आहे; कारण पुढचे सगळे त्या रीतीवरच उभे आहे. जाड पुठ्ठ्याची ती खोकी कंपनीची. नव्या घरी सामान लागले की मुकादमाने ती मोडून सपाट करायची, दोरीने बांधायची आणि त्याच दिवशी परत न्यायची. परंतु क्वचित एखादे घर असे लागते की त्यात शिरताच जुन्या मुकादमाला उमगते, ही माणसे इथे टिकायची नाहीत. नवरा एका खोलीत आपली पुस्तके लावतो आणि बायको दुसऱ्या खोलीत आपले कपडे. किंवा घरची वृद्ध माता सामान लागून झाल्यावरही आपली पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाही. अशा घरी मुकादम खोकी परत नेत नाही. माळ्यावर किंवा दारामागे ठेवून देतो. वर्ष-दोन वर्षांत त्याच पत्त्यावर पुन्हा यायचेच आहे, मग वाहायची कशाला? हे घरच्यांना सांगायचे नसते. कंपनीत विचारले तर "ओली झाली" म्हणायचे. मुकादमांनी एकतीस वर्षांत अशी नऊ घरे ओळखली होती, आणि नऊच्या नऊ घरांनी त्यांना पुन्हा बोलावले होते. जेवताना ते हे सांगत, आणि त्यांची लहान लेक घास हातात धरून ऐकत असे. "आज ठेवलीत का हो खोकी?" हा तिचा बालपणीचा रोजचा प्रश्न होता.

ती लेक पुढे दातांची डॉक्टर झाली, आणि तिने वरच्या काठावर घर घेतले.

तिचे मत ठाम होते. भिंत आहे, हे तिला मान्य होते. पण ती वंशाची नाही, पैशाची आहे, असे ती म्हणे. वंशाच्या भिंतीला दार नसते; पैशाच्या भिंतीला असते, आणि त्याची किल्ली कमावता येते. आपले लोक पूल ओलांडत नाहीत ते कुणी अडवल्यामुळे नव्हे, तर प्रयत्नच न केल्यामुळे. जावई कॉलेजात शिकवत. ते बायकोचे म्हणणे पुरते ऐकून घेत आणि चष्मा पुशीत. दोघांनी अकरा वर्षे साठवलेले सगळे त्या घरात घातले. मुकादमीण म्हणाल्या, "पूल ओलांडायला एवढे पैसे? मी तर रोज फुकट जाऊन येते." लेक हसली नाही. तिला त्या घराच्या भिंती नको होत्या, बागेसमोरची गॅलरीही नको होती. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या मुलीने कालवेकरी हा शब्द कानावर न पडता मोठे व्हावे, शाळेत जावे, खेळावे, एवढ्यासाठीच तिने ते घर घेतले होते. ते टिकले तर तिचे म्हणणे खरे. न टिकले तर अकरा वर्षे गेली ती गेलीच, आणि त्याहून वाईट म्हणजे, मग मुलीला काय सांगायचे, हे तिला ठाऊक नव्हते.

इमारत चार मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडे. लेकीचे घर तिसऱ्या मजल्यावर. सामान हलवण्याच्या दिवशी मुकादम स्वतः टोळी घेऊन गेले. फाटकावरचा वॉचमन कालवेकरीच होता. त्याने नम्रपणे सांगितले की सामान मागच्या जिन्याने न्यायचे असते, तसा नियमच आहे, खांबावर पाटीही आहे. आणि नियम सर्वांच्या सामानाला सारखा होता. मुकादम पट्टा खांद्यावर घेऊन मागच्या जिन्याने चढले. त्यांच्या मागून टोळी चढली. आणि टोळीच्या मागून, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात दिवाणखान्यातला दिवा घेऊन, त्यांची लेकही चढली. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. लहानपणापासून ती वडिलांच्या पाठीमागे चालत आली होती, तशी चालली, आणि आपल्या स्वतःच्या घरात ती प्रथम स्वयंपाकघराच्या दाराने शिरली. पुढच्या दाराची नवी किल्ली तिच्या मुठीतच राहिली होती. ते दार तिने मग आतून उघडले.

तिन्हीसांजेपर्यंत सामान लागले. टोळी खाली ट्रकपाशी गेली. लेक मुलीला निजवत होती. मुकादमांनी सव्वीस खोकी मोडली, सपाट केली, दोन गठ्ठे बांधले, आणि न्हाणीघरावरच्या माळ्यावर, रिकाम्या बॅगांच्या मागे, सरकवून ठेवले. का ठेवले, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नाही. खाली आल्यावर ड्रायव्हरने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिले, आणि ट्रक सुरू केला.

त्या घरात लेकीला कुणी वाईट बोलले नाही, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. जिन्यात भेटणारी माणसे मान लववत. समोरच्या घरात सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई एकट्या राहत. त्यांनी पहिल्या आठवड्यातच नातीला घरी बोलावले आणि दुपारच्या दुपारी तिला वाचायला शिकवू लागल्या. लेक दर रविवारी आई-वडिलांकडे जेवायला येई, आणि हे सगळे सविस्तर सांगे. मुकादम ऐकत.

सात महिन्यांनी कंपनीने सकाळची चिठ्ठी मुकादमांच्या हाती दिली, तिच्यावर लेकीच्या इमारतीचा पत्ता होता. दुसरा मजला, डावीकडचे घर. मुकादमांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. काम दहा वाजता सुरू झाले; त्या वेळी लेक दवाखान्यात असे, जावई कॉलेजात, नात शाळेत. सामान मागच्या जिन्याने उतरले. टेकडीपलीकडच्या नव्या वस्तीत ते चढवले, तेव्हा आठ फुटी शिसवी कपाट नव्या घराच्या दारातून आत जाईना. घर लहान होते. जुन्यात चार खोल्या होत्या, यात दोन. कपाट शेवटी जिन्याखाली ठेवावे लागले. त्या रविवारी लेक म्हणाली की खालचे लोक गेले, मोठे घर घेतले म्हणे. माणसाकडे पैसा आला की तो पुढे सरकतोच. तिच्या आवाजात हेवा नव्हता, समाधान होते. तिचे म्हणणे तिच्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होते. मुकादमांनी भाजी वाढून घेतली.

चार महिन्यांनी तळमजल्यावरचे निवृत्त कारकून गेले. गुडघे दुखतात म्हणून इथे निभत नाही, असे त्यांनी लेकीला सांगितले होते. मुकादमांनी त्यांचे सामान ज्या घरी नेले ते तिसऱ्या मजल्यावर होते, आणि तिथे लिफ्ट नव्हती. कारकून कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत, त्यांच्यामागून चढले. मुकादमांनी त्यांना बसायला वाटेत एक खुर्ची मांडून दिली.

मग एकामागून एक चिठ्ठ्या येत गेल्या. रिकाम्या घरांच्या पाट्या फाटकावर लागत, महिनाभराने त्यांच्यावरची किंमत खोडून खाली आणली जाई. ज्या किमतीला वरच्या काठावरच्या कुठल्याही मास्तराला, कारकुनाला, खुद्द ड्रायव्हरच्या घरमालकालाही ते घर परवडले असते, त्या किमतीलाही वरच्या काठावरचे कुणी पाहायला आले नाही. आले ते पुलापलीकडचे. तळमजल्यावर एक परिचारिका आणि तिचा नवरा आले. दुसऱ्या मजल्यावर बांधकामाचा ठेकेदार. दोघेही कालवेकरी. त्यांना आणायलाही मुकादमच गेले. भरलेला ट्रक घेऊन पूल ओलांडण्याचे त्यांचे आकडे आता हाताच्या बोटांत मावेनासे झाले.

घरी त्यांनी हे एकट्या मुकादमिणीला सांगितले. त्या बराच वेळ मलम चोळत राहिल्या. म्हणाल्या, "तिला सांगणार?"

"विचारलं तर."

"ती कशाला विचारेल? डॉक्टर आहे ती. तिला दुसऱ्याच्या तोंडातलं दिसतं."

लेकीने खरोखरच विचारले नाही. प्रत्येक जाण्याला तिच्यापाशी एक कारण होते, आणि प्रत्येक कारण जाणाऱ्यानेच दिलेले होते. नवे लोक आले त्याचे तिला कौतुकच वाटले. पाहा, आपले लोक आता प्रयत्न करू लागले, असे ती म्हणे. फक्त एकदा, जेवण झाल्यावर ताट उचलताना, ती म्हणाली की समोरच्या बाई आहेत तोवर काळजी नाही. कशाची काळजी, ते ती बोलली नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

दोन वर्षे आणि एक महिना झाला, तेव्हा बाईंच्या घराची चिठ्ठी आली.

ते दिवस शाळांना सुट्टी लागण्याचे होते. अर्धे शहर त्या पंधरवड्यात घरे बदलते. गोदामातून मुकादमांना पंधराच खोकी मिळाली. बाईंच्या दारातून आत पाहताच त्यांनी आकडा केला: एकेचाळीस. पुस्तके फार होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांची पिशवी मांडीवर होती. मुकादमांना पाहून त्या उठल्या, मग पुन्हा बसल्या. मुलगा टेकडीमागे राहतो, त्याने आपल्या घराखाली दोन खोल्या घेतल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. आता घर विकले नाही तर पुढे त्याचे काहीच पैसे येणार नाहीत, असे तो म्हणतो. बोलता बोलता त्या थांबल्या.

"तुमच्या मुलीचं त्यात काही नाही हो. ती गुणाची आहे. मला कधीच काही नव्हतं."

"नाही, नाही," मुकादम म्हणाले. "काचसामान किती आहे?"

बाईंनी बोटाने कपाट दाखवले.

टोळीतले एक-दोघे गोदामात पुन्हा जाऊन पाहू का, असे विचारू लागले. तेव्हा मुकादमांना माळ्यावरची सव्वीस आठवली. पंधरा आणि सव्वीस, एकेचाळीस. लेकीच्या स्वयंपाकघराच्या दाराची किल्ली त्यांच्यापाशी असे. लेक दवाखान्यात असणार. ते मागच्या जिन्यावर आले, कुलूप काढले आणि आत गेले.

लेक ओट्यापाशी उभी होती. दवाखान्यातली खुर्ची बिघडली होती, दुरुस्त करणारा आला होता, म्हणून ती घरी परतली होती. तिने वडिलांकडे पाहिले, त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिले.

"बाबा? तुम्ही आत्ता कसे?"

"खोकी हवी होती."

"आमच्याकडे कुठली खोकी?"

मुकादमांनी माळ्याकडे पाहिले. तिने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिले. मग तिने स्टूल ओढून घेतले, वर चढली, बॅगा बाजूला सारल्या, आणि दोरीने बांधलेला पहिला गठ्ठा तिच्या हाती आला. दोरीची गाठ तिच्या ओळखीची होती. लहानपणी तिची दप्तरेही त्याच गाठीने बांधली जात. ती गठ्ठा धरून स्टुलावरच उभी राहिली.

"कधी ठेवलीत?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी परत येणार होते."

मुकादमांनी खांद्यावरचा पट्टा सारखा केला. माळ्यावरची धूळ तिच्या केसांवर पडली होती.

"आणि आता कुणासाठी?"

त्यांनी पुढच्या दाराकडे पाहिले. ते बंद होते. पलीकडून पुस्तकांचे ढीग उतरवल्याचा आवाज येत होता.

"बाईसुद्धा," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. मग तिने विचारले, "बाकीच्यांनाही तुम्हीच नेलंत?"

"हो."

"कुठे गेले सगळे?"

"टेकडीमागे बहुतेक."

"दुसऱ्या मजल्यावरच्यांनी मोठं घर घेतलं होतं."

"दोन खोल्यांचं आहे. त्यांचं कपाट आत गेलं नाही."

"आणि तळमजल्यावरचे? त्यांचे गुडघे..."

"तिसऱ्या मजल्यावर."

लेकीने पहिला गठ्ठा त्यांच्या हातात दिला. मग दुसरा दिला. स्टुलावरून उतरून तिने स्टूल जागेवर ठेवले, हात धुतले, आणि पातेल्यात उतू जाऊ लागलेल्या दुधाखालची आच कमी केली. ती रडली नाही. ती रडली असती तर काय करायचे, हे मुकादमांना ठाऊक नव्हते. त्यांनी दोन्ही गठ्ठे उजव्या खांद्यावर घेतले. त्यांची जन्मातली एकमेव चूक ती होती. त्यांनी टिकणार नाही असे घर बरोबर ओळखले होते. फक्त दार चुकले होते.

"पुढच्या दारानं जा," लेक पाठमोरीच म्हणाली. "जवळ पडेल."

तेवढे दोन पावलांचे अंतर त्यांनी पुढच्या दाराने ओलांडले.

बाईंचे सामान दुपारी तीनला टेकडीमागे पोचले. खाली उतरवताना बाई प्रत्येक खोक्याकडे बघत होत्या. त्यांतली सव्वीस कुठून आली, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुस्तके एका खोलीत लागली, पलंग दुसरीत. बाईंनी मुकादमांच्या हाती एक चित्रांचे पुस्तक दिले, नातीसाठी. तिचे शेवटचे पान अजून वाचायचे राहिले आहे, असे म्हणाल्या. मुकादमांनी ते पुस्तक सदऱ्याच्या आत ठेवले. मग त्यांनी एकेचाळीस खोकी मोडली, सपाट केली, तीन गठ्ठे बांधले, आणि दाराच्या मागे भिंतीला टेकवून ठेवले.

"खोकी राहिली की हो," बाई म्हणाल्या.

"राहू द्या."

ट्रक सुरू करण्यापूर्वी ड्रायव्हरने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. त्याच्या पत्र्याच्या खोल्या तिथून हाकेच्या अंतरावर होत्या.

"इथेही ठेवलीत?"

"ओली झाली."

ड्रायव्हरने चौकात ट्रक वळवला. "मग मुकादम," तो म्हणाला, "दोन-चार आमच्या सासूलाही ठेवून द्या. ऐन वेळी धावपळ नको."

मुकादम हसले, की नाही, हे ड्रायव्हरला कळले नाही. तो रस्त्याकडे पाहत होता.

पाच आठवड्यांनी बाईंच्या घरात नवे बिऱ्हाड आले: खालच्या काठावरचा औषधविक्रेता, त्याची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई. त्यांना आणायला मुकादम गेले. इमारतीच्या फाटकाशी ट्रक उभा राहिला तेव्हा वॉचमन उठून आला आणि म्हणाला, "मुकादम, पुढूनच न्या. आता कोण बोलतंय?" नियमाची पाटी अजून खांबावर होती, पण तिच्यासमोर कुणाची तरी सायकल लावलेली होती. इमारतीत आता वरच्या काठावरचे एकही बिऱ्हाड उरले नव्हते. नातीला शाळेत तो शब्द ऐकू आला होता का, हे मुकादमांनी विचारले नव्हते. गेल्या रविवारी ती जेवताना गप्प होती, एवढे त्यांनी पाहिले होते.

सामान पुढच्या जिन्याने चढले. औषधविक्रेत्याच्या आईने आपली पिशवी आल्याबरोबर खिळ्याला अडकवली, पाणी मागितले, आणि मुलींना खिडक्या पुसायला लावले. नवरा-बायकोने सगळे एकाच खोलीत मांडले. मुकादमांनी एकदा चहूकडे नजर फिरवली. मग तेहतीस खोकी मोडली, सपाट केली, दोरीने बांधली आणि उचलली.

लेक आपल्या दारात उभी होती. तिने अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट घातला होता, संध्याकाळच्या दवाखान्याला निघण्याच्या तयारीत होती. पण निघाली नव्हती. तिने गठ्ठ्यांकडे पाहिले.

"सगळी नेताय?"

"सगळी."

"माळ्यावर काही ठेवलं नाहीत?"

"नाही."

तिने मान हलवली. मग आत जाऊन तिने मुलीला हाक मारली, बूट घाल म्हणाली, उशीर होतोय. मुकादम गठ्ठे खांद्यावर घेऊन वळले आणि सवयीने मागच्या जिन्याच्या दारापाशी गेले. ते उघडून ते एक-एक पायरी उतरू लागले.